पदवीचे गुण कमी असताना स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या एम.एस्सी.ला अर्ज कसा करावा : बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी

प्रवेशाचे दिवस आले की खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोली अशा गावांतून मला फोन येतात. बीएएसएलपी, म्हणजे वाचा, भाषा आणि श्रवणाच्या विकारांवरची पदवी, झालेली मुलं-मुली असतात, बहुतेकांच्या घरातली ती पहिलीच पदवी असते, आणि प्रश्न ठरलेला असतो : "ताई, पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले होते. आता एम.एस्सी.ला घेतील का?"

बोलता बोलता लक्षात येतं की संधी गेली ती गुणांमुळे नाहीच. कुणी टक्केवारी चुकीची काढून स्वतःला अपात्र ठरवलेलं असतं. कुणाकडे जातीचा दाखला असतो, पण वेगळ्याच नमुन्यातला. कुणी इंटर्नशिप संपल्यावर रजिस्ट्रेशनचा अर्जच केलेला नसतो. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. क्रम मोडू नका, कारण यातल्या काही कागदांना महिना-दोन महिने लागतात आणि अर्जाची खिडकी त्याहून लवकर बंद होते.

सुरुवातीलाच एक खुलासा. भारतात या एम.एस्सी.ला बीएएसएलपी किंवा तिच्या समकक्ष जुनी बी.एस्सी. (स्पीच अँड हिअरिंग) हीच पदवी लागते. मानसशास्त्रातली बी.ए., विशेष बी.एड. किंवा एका वर्षाचा डीएचएलएस (श्रवण, भाषा आणि वाचा) डिप्लोमा यांच्या जोरावर थेट प्रवेश मिळत नाही. तसं आश्वासन देऊन कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

## टप्पा १ : आपला खरा आकडा काढा

सगळी मार्क्स कार्डं टेबलावर मांडा, नापास झालेल्या परीक्षेचीसुद्धा. एका कागदावर प्रत्येक सेमिस्टरचे मिळालेले गुण आणि एकूण गुण लिहा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मुलं सहा सेमिस्टरच्या टक्केवाऱ्यांची बेरीज करून सहाने भागतात. हा हिशेब चुकीचा आहे, कारण प्रत्येक सेमिस्टरचे एकूण गुण सारखे असतीलच असं नाही.

उदाहरण घ्या. पहिली चार सेमिस्टर ६०० गुणांची आणि शेवटची दोन ७०० गुणांची आहेत. गुण असे : २७०, ३०६, ३१८, ३३६, ४०६, ४६२. टक्केवाऱ्या अनुक्रमे ४५, ५१, ५३, ५६, ५८ आणि ६६. त्यांची सरासरी येते ५४.८३. पण मिळालेले गुण २०९८ आणि एकूण गुण ३८००, म्हणजे खरी एकत्रित टक्केवारी ५५.२१. जिथे ५५ टक्क्यांची अट आहे तिथे पहिल्या हिशेबाने ही मुलगी घरी बसेल आणि दुसऱ्याने परीक्षेला बसेल.

तुमच्या विद्यापीठात सीजीपीए असेल तर आणखी जपून. काही ठिकाणी सीजीपीएला थेट १० ने गुणतात, काही ठिकाणी आधी ०.७५ वजा करून मग गुणतात. ६.१ सीजीपीए पहिल्या सूत्राने ६१ टक्के होतो आणि दुसऱ्याने ५३.५. सूत्र तुमच्या विद्यापीठाचंच लागतं, मैत्रिणीच्या नव्हे. ते मार्क्स कार्डाच्या मागे छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र मागून घ्या.

सावधान : ५४.९ ला कुणीतरी ५५ धरेल या भरवशावर राहू नका. अर्जात आकडा पुढच्या पूर्णांकात नेऊन लिहिला आणि कागदपत्रं तपासताना तो जुळला नाही, तर मिळालेली जागासुद्धा जाते.

तपासा : कागदावर आता चार गोष्टी हव्यात. एकत्रित टक्केवारी, कोणते विषय राहिले होते, प्रत्येक विषय कितव्या प्रयत्नात सुटला, आणि शेवटच्या दोन सेमिस्टरची टक्केवारी. हा कागद जपून ठेवा, टप्पा ५ मध्ये तो लागेल.

## टप्पा २ : कुठे गुण फक्त दारापुरते आणि कुठे शेवटपर्यंत मोजतात

संस्था पदवीच्या गुणांकडे दोन तऱ्हांनी पाहतात. पहिली तऱ्हा : किमान टक्के असले की तुम्ही परीक्षेला पात्र, पुढची यादी परीक्षेच्या गुणांवर. दुसरी : परीक्षेचे आणि पदवीचे गुण मिळवून यादी, किंवा पदवीचे गुण आणि मुलाखत. कमी गुणांच्या विद्यार्थ्याने सगळी ताकद पहिल्या तऱ्हेच्या ठिकाणी लावावी. दुसऱ्या ठिकाणीही अर्ज करावा, पण आशा कुठे ठेवायची हे ओळखून. माहितीपुस्तिकेत 'निवड पद्धती' असं प्रकरण असतं. मुलं शुल्काचं पान तीनदा वाचतात आणि हे प्रकरण सोडून देतात.

बेळगावच्या मुलांसमोरचे पर्याय साधारण असे. म्हैसूरच्या मानसगंगोत्रीतलं अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान, ज्याला सगळे 'आयश' म्हणतात, ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिथे प्रवेश परीक्षा होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी तिथला सीईटी कक्ष एम.एस्सी. (ए अँड एसएलपी), म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, याची वेगळी परीक्षा घेतो. शिवाय मणिपाल, मंगळूर, बंगळूर, पुणे इथे खासगी आणि अभिमत विद्यापीठांची महाविद्यालयं आहेत.

किमान ५५ टक्के आणि राखीव गटांना थोडी सूट, असं बहुतेक ठिकाणी चित्र असतं. तरीही ज्या वर्षी अर्ज करताय त्याच वर्षाची पुस्तिका वाचा. गेल्या वर्षीची पुस्तिका व्हॉट्सॲपवर फिरते आणि तिच्यावर विसंबलेली मुलं फसतात.

स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी आणि ऑडिओलॉजी या एम.एस्सी.च्या वेगळ्या शाखा आहेत. पसंतीक्रम भरताना घाईत दुसरी शाखा वर टाकली, तर दोन वर्षं तीच शिकावी लागते.

तपासा : निवडलेल्या प्रत्येक महाविद्यालयाला त्या अभ्यासक्रमासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता चालू आहे का? मान्यता ठरावीक मुदतीची असते. परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव आणि अभ्यासक्रम दोन्ही शोधा. महाविद्यालयाच्या फलकावर लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका.

## टप्पा ३ : कागद, आणि सीमाभागाची जादा कटकट

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्या भागात एकाच माणसाची नावं तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर कन्नड उच्चारावरून इंग्रजीत गेलेलं, आणि आधारवर तिसरंच. 'पाटील'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त. वडिलांचं नाव कुठे मधे, कुठे शेवटी, कुठे फक्त आद्याक्षर. अर्जात नाव एसएसएलसीप्रमाणेच भरा. आधार त्याच्याशी जुळवून घ्या. पदवीच्या कागदांवर चूक असेल तर विद्यापीठात दुरुस्तीचा अर्ज आजच टाका, आणि तोवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

जातीच्या दाखल्याचं तर प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळालेला राज्याचा दाखला कर्नाटकातल्या राज्य कोट्यासाठी असतो. केंद्रीय संस्थेत ओबीसी म्हणून अर्ज करायचा तर तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात, नॉन-क्रीमी लेयरसह लागतो. राज्याच्या मागासवर्गीय यादीत ३बी गटात आहोत म्हणजे केंद्रातही ओबीसी, असं समीकरण नाही. केंद्राच्या यादीत जात नसेल आणि उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढता येतो. तोही चालू आर्थिक वर्षाचा. कर्नाटकातल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रातल्या राखीव जागा मिळतील असंही धरू नका.

महाराष्ट्राच्या बाजूने मात्र आपल्यासाठी एक वाट आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथल्या अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद असते. त्यासाठी साधारणपणे दोन गोष्टींचा पुरावा लागतो : शिक्षण किंवा गाव वादग्रस्त सीमाभागात असल्याचा, आणि मातृभाषा मराठी असल्याचा. नमुना पुस्तिकेच्या शेवटी जोडलेला असतो. तो छापून तसाच भरून घ्या. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या शब्दांत, प्रेमाने लिहून दिलेलं पत्र तिथे चालत नाही. एम.एस्सी.च्या त्या वर्षीच्या नियमांत ही तरतूद आहे का, हे अर्ज भरण्याआधी पाहा.

बाकीचे कागद : सर्व सेमिस्टरची मार्क्स कार्डं, प्रोव्हिजनल किंवा पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, आरसीआय नोंदणी, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला), आणि मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. ज्यांचे विषय राहिले होते त्यांच्याकडे काही ठिकाणी अटेम्प्ट सर्टिफिकेट मागतात, म्हणजे कोणता विषय कितव्या प्रयत्नात सुटला याचा महाविद्यालयाचा दाखला. तो मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. मीही तो मागितला आहे. कार्यालयातल्या माणसासाठी तो रोजचा कागद असतो.

सावधान : मायग्रेशन आणि नाव दुरुस्ती या दोन गोष्टी 'निवड झाल्यावर बघू' म्हणून ठेवू नका. त्यांचा वेळ तुमच्या हातात नसतो.

## टप्पा ४ : जे सुधारता येतं ते अर्जाआधी सुधारा

एकत्रित टक्केवारी अटीच्या अगदी खाली असेल तर विद्यापीठात गुणसुधार परीक्षेची सोय आहे का ते लेखी विचारा. आहे तर किती विषयांना, पदवी मिळाल्यापासून किती काळात, आणि नवे गुण कमी आले तर जुने टिकतात का, हेही विचारा. काही ठिकाणी पदवीदानाचं प्रमाणपत्र हातात पडलं की ही वाट बंद होते. त्यामुळे प्रमाणपत्राचा अर्ज भरण्याआधीच चौकशी करा.

गुण बदलणार नसतील तर कामाने बोला. इंटर्नशिप संपली की लगेच आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नोंदवा. १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. नोंदणी नसताना कुठल्या क्लिनिकमध्ये केलेली दोन वर्षं अर्जात तुमच्या विरोधात जातात. नोंदणी झाल्यावर एखादं वर्ष बेळगाव किंवा हुबळीच्या रुग्णालयात, विशेष शाळेत किंवा बालविकास केंद्रात नीट काम करणं, घाईने महागड्या जागेवर पैसे भरण्यापेक्षा कितीतरी चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कामाची वही ठेवा. दर आठवड्याला लिहा : किती मुलं, किती मोठी माणसं, कोणत्या तक्रारी, तुम्ही कोणती चाचणी केली, थेरपीचं ध्येय काय ठरवलं, तीन महिन्यांत काय बदललं. रुग्णांची नावं, गावं लिहू नका. वरिष्ठांची सही त्या त्या महिन्याला घ्या. नोकरी सोडून वर्ष झाल्यावर सहीसाठी फिरणं फार अवघड जातं.

तपासा : तुमच्या कामाबद्दल नेमकं सांगू शकेल अशी एक तरी वरिष्ठ व्यक्ती आहे का? 'मेहनती आणि प्रामाणिक आहे' एवढंच सांगणारं पत्र कुणालाच वेगळं दाखवत नाही.

## टप्पा ५ : प्रवेश परीक्षेची तयारी, आणि ती राहिलेल्या विषयांपासून

तयारीची सुरुवात आवडत्या विषयाने करू नका. टप्पा १ चा कागद काढा. जे विषय राहिले होते तेच आधी. पदवीचं सगळंच परीक्षेत येतं : उच्चारदोष, आवाज, तोतरेपणा, मुलांचा भाषाविकास, अफेजिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणं), गिळण्याचे विकार, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), श्रवणयंत्रं, ध्वनिशास्त्र, संख्याशास्त्र. तिथे पाया कच्चा असेल तर तो दुसऱ्यांदाही नडतो.

माझं ध्वनिशास्त्र राहिलं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) अचानक सगळं इंग्रजीत, आणि डेसिबलचं सूत्र मी लॉगॅरिदम न समजता पाठ केलं होतं. दुसऱ्या वेळी मी ते आईला मराठीत समजावून सांगायचं ठरवलं. ध्वनीचा दाब दुप्पट झाला तर ६ डेसिबल वाढतात, दहापट झाला तर २०. आपला कान फरक मोजतो तो पटींत, आणि डेसिबल त्यासाठीच आहे. हे एकदा आईला पटेल असं सांगता आल्यावर सूत्र विसरायची भीती गेली. ज्या संकल्पना घरात मराठीत सांगता येत नाहीत, त्यांच्यावर खूण करा आणि तिथेच थांबून अभ्यास करा.

पण पेपर इंग्रजीत असतो, हेही विसरायचं नाही. शेवटचे सहा आठवडे रोज वेळ लावून इंग्रजीतले प्रश्न सोडवा. आपली मुलं उत्तर माहीत असूनही प्रश्न दोनदा वाचण्यात मिनिटं घालवतात. 'खालीलपैकी कोणतं चूक आहे' अशा प्रश्नांत नकार सुटतो. नकाराच्या शब्दाखाली रेघ मारायची सवय आताच लावा. संगणकावर परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर तो शब्द लिहा.

सावधान : चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, हे प्रत्येक परीक्षेच्या पुस्तिकेत वेगळं पाहा. अंदाजाने उत्तरं द्यायची की सोडायची, हे त्यावर ठरतं.

## टप्पा ६ : कमी गुणांबद्दल कसं लिहायचं, कसं बोलायचं

सगळीकडे निवेदन किंवा मुलाखत नसते. जिथे असते तिथे लपवणं आणि रडणं, दोन्ही नडतं. "काही वैयक्तिक अडचणींमुळे माझी कामगिरी अपेक्षेप्रमाणे झाली नाही" हे वाक्य मी शेकड्याने वाचलं आहे. वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

चार वाक्यं पुरतात : काय झालं, का झालं, मी काय बदललं, त्याचा पुरावा काय. उदाहरणार्थ : "पहिल्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले आणि टक्केवारी ४५ होती. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं आणि इंग्रजीतली भौतिकशास्त्राची भाषा मला झेपली नाही. दुसऱ्या वर्षापासून मी रोज एक तास त्या दोन विषयांच्या मूळ संकल्पनांवर दिला. सहाव्या सेमिस्टरला मला ६६ टक्के मिळाले." इथे थांबा. पाचवं वाक्य क्षमा मागणारं असू नये. कारण आजारपण किंवा घरातला मृत्यू असेल तर एका ओळीत सांगा आणि कागद जोडा.

उरलेली जागा तुमच्या कामाला द्या. सीमाभागात वाढलेल्या थेरपिस्टकडे जे असतं ते पुस्तकातून येत नाही. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी अशा घरातलं लेकरू उशिरा बोललं की पालकांना सांगितलं जातं, 'एकच भाषा बोला.' दोन भाषा ऐकल्याने भाषाविकासाचा विकार होत नाही, आणि घरची भाषा तोडली तर लेकराचं आजीशी बोलणंच तुटतं. हे तुम्ही रोज पाहता. आणखी एक उदाहरण : मराठीत 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळे आहेत, आणि कन्नडमध्ये असे दोन च नाहीत. ते ठाऊक नसलेली व्यक्ती नीट बोलणाऱ्या मराठी मुलाच्या नावावर उच्चारदोष लिहू शकते. तुम्ही अशा एखाद्या मुलाची तपासणी कशी केली, दोन्ही भाषांत काय ऐकलं, पालकांना काय सांगितलं, हे नावगाव न घेता मुलाखतीत सांगा. खरं नसेल ते सांगू नका. समोरचे लोक दुसऱ्याच प्रश्नात ओळखतात.

## टप्पा ७ : अमेरिकेचा विचार असेल तर

तिथला हिशेब वेगळा, म्हणून थोडक्यात. बरीच विद्यापीठं सीएसडीकॅस या एकत्रित अर्ज प्रणालीतून अर्ज घेतात आणि बऱ्याच मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात. भारतीय गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) सारख्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. नापास झालेला पहिला प्रयत्न त्यात झाकता येत नाही. काही विद्यापीठं शेवटच्या दोन वर्षांचे गुण वेगळे पाहतात, तीच शोधा. जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक शास्त्र हे विषय त्यांना हवे असतात. तिथल्या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी एकूण ४०० क्लिनिकल तास लागतात, त्यांत २५ निरीक्षणाचे.

तिथल्या आशा (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन) या व्यावसायिक संघटनेचा परस्पर मान्यतेचा करार काही देशांशी आहे. त्यांत भारत नाही. त्यामुळे 'इथे एम.एस्सी. करू आणि तिकडे आपोआप चालेल' असं समजून कर्ज काढू नका.

## टप्पा ८ : अर्ज भरणं आणि त्यानंतरचे दिवस

अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. स्वतः भरा. सायबर कॅफेवाल्याने टाकलेला स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल हे आपल्याकडे जागा हुकण्याचं मोठं कारण आहे, कारण जागावाटपाचा संदेश त्याच्याकडे जातो. ईमेल तुमचा, पासवर्ड वहीत लिहिलेला, फोटो आणि सही सांगितलेल्या आकारात. 'कधी नापास झालात का' असं विचारलं असेल तर 'हो' लिहा.

भरल्यावर छापील प्रत काढून घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

पहिल्या यादीत नाव नसलं की मुलं फोन बंद करून शेतावर निघून जातात. असं करू नका. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत आणि रिकाम्या जागांवर कमी गुणांच्या मुलांना खरंच जागा मिळतात, पण हजर व्हायला एखादाच दिवस देतात. बेळगावहून म्हैसूर किंवा मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. म्हणून मूळ कागदांची एक फाइल, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि पहिल्या हप्त्याची सोय आधीपासून तयार ठेवा. मूळ कागद जमा करताना पोचपावती घ्या. नंतर जागा बदलायची वेळ आली तर ते परत मिळवायला हीच पावती लागते.